वॉर्डातली स्वच्छता मोजायची कशी? (मिरज, ३० खाटांचा मेडिकल वॉर्ड)

कृष्णाकाठ
मिरजेतलं धर्मादाय रुग्णालय, ३० खाटांचा पुरुष मेडिकल वॉर्ड. दर महिन्याला दहा जागांचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, जातात आणि जवळजवळ दरवेळी रिपोर्ट येतो 'वाढ नाही'. तरीही सलाईन स्टँडला हात लावला की चिकट लागतं, आणि कॅथेटर घातलेल्या पेशंटमधले लघवीचे संसर्ग हटत नाहीत. व्यवस्थापन एटीपी मीटर (स्वच्छता मोजायचं यंत्र) घ्यायला तयार आहे, कोटेशनही आलंय. त्याआधी विचारायचं आहे: रिपोर्ट स्वच्छ आणि स्टँड चिकट, हे एकाच वेळी कसं? मीटरने नक्की काय कळतं? मीटरशिवाय काय करता येईल? सफाईला सकाळी दोन मावशी, दुपारी एक, रात्री दोन वॉर्डांत मिळून एक मामा.

सूक्ष्मदर्शी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा स्वॅब घेण्याच्या पद्धतीत आहे. चार गोष्टी तपासा.

स्वॅब पुसल्यानंतर लगेच घेतला जातो का? मग पृष्ठभागावर उरलेला हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) स्वॅबबरोबर ट्यूबमध्ये जातो आणि लॅबपर्यंतच्या वाटेतही जंतू मारत राहतो. त्याला थोपवायला माध्यमात न्यूट्रलायझर लागतो: क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, क्वाटसाठी (क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशकांसाठी) लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट ८०. तो नसेल तर 'वाढ नाही' याचा अर्थ 'जंतू नव्हते' असा लावता येत नाही.

दुसरं, कोरडा स्वॅब कोरड्या पृष्ठभागावर फिरवला तर फारसं काही उचलतच नाही. तो निर्जंतुक सलाईनमध्ये किंवा न्यूट्रलायझर असलेल्या द्रावात ओला करून घ्यावा. तिसरं, क्षेत्रफळ. एकदा बोटाएवढी जागा आणि एकदा अख्खा लॉकर पुसून दोन रिपोर्टांची तुलना होत नाही. १० बाय १० सेंमीची चौकट ठरवा. चौथं, जागा कोणत्या? बऱ्याच ठिकाणी फरशी, भिंत आणि ड्रेसिंग ट्रॉलीचा वरचा पत्रा एवढंच पाठवतात. सर्वांत जास्त हात लागतात त्या जागा यादीतच नसतात.

आणि मुळात दर महिन्याचं असं सरसकट कल्चर करू नये असंच संसर्ग नियंत्रणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कल्चर ठेवायचं ते उद्रेकासाठी: एकाच वॉर्डात तोच जंतू तीन पेशंटमध्ये आला, तर तो कुठे दडलाय ते शोधायला. दहा स्वॅबचा खर्च दुसरीकडे वळवा.

बायोमेडिकल_सांगली
मीटरबद्दल. एटीपी हा प्रत्येक जिवंत पेशीत असणारा रेणू. काजव्यात प्रकाश पाडणारं लुसिफरेज हे विकर स्वॅबमध्ये असतं, एटीपी भेटला की उजेड पडतो आणि मीटर तो आरएलयूमध्ये (उजेड मोजायच्या सापेक्ष एककात) दाखवतो. म्हणजे मीटर मोजतो तो सेंद्रिय मळ. जंतू, रक्त, घाम, थुंकी, दूध, केळ्याचा गर, सगळं एकाच आकड्यात. डब्यातलं कालवण सांडलेला लॉकर हजारांत आकडा दाखवेल आणि त्यावर रोगजंतू एकही नसेल. उलट विषाणूंत एटीपी नसतो आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जंतूच्या बीजाणूंत नगण्य, त्यामुळे कमी आकडा म्हणजे सुरक्षित असंही नाही.

कोटेशन बघताना विक्रेत्याला एकच विचारा: पास-फेलची मर्यादा कशावरून ठरवली? एका कंपनीचे २५० आरएलयू आणि दुसऱ्या कंपनीचे २५० यांचा एकमेकांशी संबंध नाही. मीटरची किंमत एकदाची, स्वॅबची मात्र दरवेळची. स्वॅब साधारण २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. वॉर्डातल्या इन्सुलिनच्या फ्रीजच्या दारात ते राहिले आणि वीज गेली, तर आकडे कमी यायला लागतात आणि सगळे खूश होतात.

घेतलाच तर: स्वॅब वापरण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. पृष्ठभाग पूर्ण वाळलेला हवा, कारण हायपोचा अंश लुसिफरेजला मारतो आणि आकडा खोटा कमी येतो. १०० चौ.सेंमी. जागेत आडवा-उभा नागमोडी फिरवा, फिरवताना स्वॅब बोटात गोल वळवत राहा. नळाच्या तोटीसारखी वाकडी वस्तू असेल तर अख्खी वस्तू पुसा आणि दरवेळी तेवढीच पुसा. मीटर उभा धरा, आडवा धरला की द्रव तळाशी बसत नाही. शेजारशेजारच्या दोन जागांत दुप्पट फरक सहज पडतो, म्हणून सरासरी काढू नका, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. एका घाण हँडलने अख्खी सरासरी पळते.

आयसीएन_कराड
मीटर आत्ता घेऊ नका, कृष्णाकाठताई. वॉर्डाला आज ज्या प्रश्नाचं उत्तर हवंय तो 'किती घाण आहे' हा नाही. 'फडकं तिथपर्यंत पोचलं का' हा आहे. त्याला लागतो फ्लुरोसंट जेल आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च.

जेल पारदर्शक असतो, वाळला की दिसत नाही, ओल्या फडक्याने एकदा नीट पुसला की निघतो. मुगाच्या दाण्याएवढा ठिपका लावायचा. जिथे बोटं घासतात नेमक्या तिथे नाही, त्या जागेच्या लगत. नाहीतर पेशंटच्या हातानेच पुसला जाईल आणि श्रेय सफाईला मिळेल. खडबडीत रंग, कापड, गंजलेला पत्रा इथे लावू नका, मुरतो आणि निघत नाही. वाळायला दहाएक मिनिटं द्या. २४ तासांनी, एक पूर्ण सफाई झाल्यावर, टॉर्च मारा. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च घ्या. नोटा तपासायची ३९५ ची स्वस्त टॉर्च स्वतःच एवढा जांभळा उजेड टाकते की फिका ठिपका हरवतो. पडदे ओढा, ट्यूब बंद करा.

कॉट निवडताना चिठ्ठ्या टाका. पाच कॉट, प्रत्येकी बारा जागा, म्हणजे ६० ठिपके. जागा: कठड्याची आतली वरची कड, कॉट वर-खाली करायचं हँडल, लॉकरचा माथा, लॉकरच्या खणाची मूठ, जेवणाची ट्रॉली, सलाईन स्टँडची पकड, ऑक्सिजन फ्लोमीटरची चावी, बेल, दिव्याचा स्विच, मोबाईल चार्जिंगचा बोर्ड, नातेवाइकाचं स्टूल, मॉनिटरची बटणं. शिवाय संडास-बाथरूममधले सहा: नळ, फ्लश, आतली कडी, बाहेरची कडी, आधाराचा दांडा, बादलीची कडी. लावताना कागदावर नकाशा काढा. 'कठडा, उजवा, डोक्याकडून दुसरी पट्टी' इतकं नेमकं लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी ठिपका पुसला गेला की सापडला नाही हे कळत नाही.

६६ पैकी ३१ गेले तर ३१ भागिले ६६, म्हणजे ४७ टक्के. हा आकडा बघून घाबरू नका. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांत याच पद्धतीने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही सुरुवातीला निम्म्याहून कमी जागा पुसल्या जात होत्या, आणि निकाल सफाई कर्मचाऱ्यांना दाखवत राहिल्यावर प्रमाण ७७ टक्क्यांच्या आसपास गेलं. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही.

कृष्णाकाठ
जेल महाग पडला तर कपड्याच्या पावडरचं पाणी चालतं असं ऐकलंय. खरं का?

आयसीएन_कराड
चमकतं खरं, पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर असतो. पण अडचण तीच आहे. चादरी, गणवेश आणि पावडरच्या पाण्याने पुसलेली फरशी, सगळंच चमकतं. शिवाय ते वाळल्यावर नुसत्या कोरड्या हातानेही झडतं. नव्या मावशींना शिकवताना दाखवायला उत्तम, टक्केवारी काढायला नको.

इन्चार्ज_सिस्टर
ठिपके कुठे राहतात ते टॉर्च न मारताही सांगता येतं. मॉनिटर, इन्फ्युजन पंप, सक्शनची चावी, फ्लोमीटर आणि सलाईन स्टँड. मावशींना सांगितलेलं असतं, 'मशीनला पाणी लावायचं नाही', आणि सिस्टरला वाटतं पुसणं हे मावशींचं काम. मधल्या मध्ये त्या वस्तूला कोणीच धनी नाही. मावशींना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना हात लावायची बंदी आपणच केलेली असते.

त्यामुळे मोजायच्या आधी एक तक्ता करा. वस्तू, कोण पुसणार, कशाने, कधी. विजेवर चालणारं आणि पेशंटला जोडलेलं असेल ते त्या पाळीच्या सिस्टरकडे, ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने किंवा यंत्र बनवणाऱ्याने सांगितलेल्या वाइपने, पाळी बदलताना. बाकीचं मावशींकडे. सलाईन स्टँड दोघांच्या मध्ये येतो, तो लिहून मावशींकडे द्या. स्टँडचा चिकटपणा हा मळापेक्षा जास्त करून चिकटपट्टीचा डिंक असतो. कठड्याला आणि स्टँडला पट्ट्या चिकटवायची सवय वॉर्डात सगळ्यांनाच असते. डिंकावर धूळ बसते आणि त्यावरून हायपो फिरवून काही होत नाही. डिंक आधी स्पिरिटने काढा आणि पट्टी कात्रीच्या ट्रेला लावायची, कठड्याला नाही, असा नियम करा.

सफाई_सुपरवायझर
सिस्टरांशी सहमत. आता हातातल्या कामाचं.

वॉर्डात कोरडा झाडू बंद. धूळ उडते आणि खाटांवर बसते. पोछ्याला तीन बादल्या: पहिल्यात साबणाचं पाणी, दुसरीत साधं पाणी, तिसरीत औषध. पोछा साबणात, फरशीवर, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मग औषधात. दोनच बादल्या असल्या की चौथ्या खाटेपर्यंत औषधाचं पाणी काळं होतं आणि पुढच्या सव्वीस खाटांना आपण घाणच वाटत जातो. पाणी गढूळ दिसलं की बदलायचं. आतून दाराकडे, मागे सरकत, पोछा इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा, म्हणजे कचरा पुढच्या कडेलाच राहतो.

वरच्या जागांसाठी फडकं दोनदा घडी घाला. पुढून-मागून उलगडत गेलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एका खाटेला एक फडकं, वापरलेलं फडकं परत औषधाच्या बादलीत बुडवायचं नाही. वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे, कठडा आधी आणि चाकं शेवटी. संडासचं फडकं वेगळ्या रंगाचं, आणि ते वाळत घालायची दोरीही वेगळी. पावसाळ्यात इकडे फडकी दोन दिवस वाळत नाहीत. ओलं फडकं रात्रभर बादलीत राहिलं की सकाळी त्यात जंतूंचं पीक असतं. जादा संच ठेवा, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळलेलंच वापरा.

बायोमेडिकल_सांगली
एक भर. मायक्रोफायबरचं फडकं घेतलं असेल तर ते हायपोत बुडवू नका, धागा मरतो. आणि क्वाट वापरत असाल तर सुती फडकं नको, सुताला क्वाट चिकटून बसतो आणि पृष्ठभागावर कमी पोचतो. बोअरच्या जड पाण्यातही क्वाट कमजोर पडतो. माण-खटाव, जतकडच्या रुग्णालयांनी हे विशेष बघावं.

सूक्ष्मदर्शी
हायपोचा हिशोब नेमका लिहून लावा, कारण इथे सर्वांत जास्त चुकतं. कॅन ५ टक्क्यांचा असेल तर:
रोजच्या हात लागणाऱ्या जागांसाठी ०.१ टक्का (१००० पीपीएम): २०० मिली हायपो, पाणी घालून एकूण १० लिटर.
रक्त किंवा इतर द्राव सांडल्यावर १ टक्का (१०,००० पीपीएम): २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी.

'एक झाकण एका बादलीला' हे माप नाही. खुणा असलेला मग ठेवा. साबणाने घाण काढल्याशिवाय हायपो टाकू नका, रक्त आणि विष्ठा क्लोरीन खाऊन टाकतात. पृष्ठभाग ओला राहायला हवा, ०.१ टक्का निदान दहा मिनिटं. पंख्याखाली तीन मिनिटांत वाळतो, मग परत लावावा लागतो. धातूवर नंतर साध्या पाण्याचं फडकं फिरवा, नाहीतर कॉट गंजते आणि गंजलेली कड कधीच नीट पुसली जात नाही. आणि संडासच्या ॲसिडबरोबर हायपो कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

कॅनवर ५ टक्के छापलंय म्हणून आत ५ टक्के असतंच असं नाही. उन्हात, उष्णतेत तो उतरत जातो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन ३ टक्क्यांवर आला असेल, तर तुमचं १००० पीपीएम प्रत्यक्षात ६०० आहे. क्लोरीन मोजायच्या पट्ट्या मिळतात. तयार बादलीत रोज एक पट्टी, एका मिनिटाचं काम. तयार केलेलं द्रावण २४ तासांनंतर फेकून द्या, बादलीवर वेळ लिहा.

कराडकर
जेलपेक्षा फॉगिंग सोपं नाही का? आठवड्यातून एकदा वॉर्ड बंद करून धुरळणी केली की सगळ्या जागा एकदम होतात.

आयसीएन_कराड
नाही. धुराने मळ निघत नाही, आणि मळाखालचा जंतू मरत नाही. कठड्याच्या खालच्या बाजूला, लॉकरच्या खणात धूर पुरेसा बसतही नाही. खोल्यांत असं औषध फवारणं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. फॉर्मलिनची धुरळणी तर पूर्ण सोडून द्या, फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. तेवढ्या वेळात दोन मावशी दहा खाटा हाताने पुसतात.

सूक्ष्मदर्शी
याला जोडून, हे सगळं का करायचं त्याचा आधार. कोरड्या पृष्ठभागावर एमआरएसए (नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस जंतू) सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत जगल्याच्या नोंदी आहेत, असिनेटोबॅक्टर हा जंतू तीन दिवसांपासून पाच महिने, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे बीजाणू पाच महिने. म्हणजे जुलैत डिस्चार्ज झालेल्या पेशंटचा जंतू दिवाळीला त्याच खाटेवर आलेल्या पेशंटला भेटू शकतो. म्हणून रोजच्या सफाईपेक्षाही डिस्चार्जनंतरची सफाई आधी मोजा. खाट रिकामी होते आणि कॅज्युअल्टीतून फोन येतो, 'बेड द्या'. त्या घाईत चादर बदलते, कठडा तसाच राहतो. या डिस्चार्जनंतरच्या (टर्मिनल) सफाईला निदान अर्धा तास लागतो हे ॲडमिशन काउंटरलाही माहीत हवं. 'खाट तयार' हे सफाई करणाऱ्याने सही करून सांगायचं, काउंटरने ठरवायचं नाही.

पुढेमागे आकड्यात जंतू हवेच असतील तर कॉन्टॅक्ट प्लेट (जंतू वाढवायचा अगार भरलेली, पृष्ठभागावर टेकवायची बशी) वापरा. ५५ मिमीची, साधारण २५ चौ.सेंमी., न्यूट्रलायझर असलेली. दहा सेकंद सारख्या दाबाने टेकवा, न घासता उचला, ३५ ते ३७ अंशांत ४८ तास. ६० वसाहती (जंतूंचे वाढलेले ठिपके) आल्या तर ६० भागिले २५, म्हणजे २.४ प्रति चौ.सेंमी. २.५ च्या आत असावं हे एक प्रचलित प्रमाण आहे. मात्र एमआरएसएसारखा निदर्शक जंतू असेल तर एकाच्या आत. प्लेट टेकवलेली जागा नंतर स्पिरिटने पुसा, नाहीतर अगारचा थर तिथे राहतो आणि तोच जंतूंचं अन्न होतो.

कृष्णाकाठ
मीटर पुढे ढकलतेय. पण निकाल मावशींना सांगायचा कसा? कंत्राटदाराच्या माणसांना वाटतं की ठिपका राहिला म्हणजे पगार कापणार.

सफाई_सुपरवायझर
कापणार नाही, हे पहिल्या दिवशी कंत्राटदारासमोरच सांगून टाका आणि पाळा. एकदा जरी कापला तरी ठिपक्याचा खेळ संपला; दुसऱ्या दिवसापासून मावशी टॉर्च शोधतील, घाण नाही.

निकाल त्याच दिवशी, त्याच खाटेपाशी. टॉर्च मावशींच्या हातात द्या, त्यांनाच बघू द्या. टक्का वॉर्डाचा लावायचा, माणसाचा नाही. आणि राहिलेल्या ठिपक्याला 'का' विचारा. उत्तरं अशी येतात: खाटेखाली नातेवाईक झोपलेले होते, लॉकरवर डबा, औषधं, देवाचा फोटो, उचलू कसं, बादली जिन्यावरून आणावी लागते, हातमोजे संपले. यातलं निम्मं दुरुस्त करणं मावशींच्या हातात नसतंच. लॉकरसाठी सकाळी साडेसातला सिस्टरांनी एक हाक द्यावी, 'लॉकर मोकळे करा', मग आठला फडकं. नातेवाइकांसाठीच्या सूचना चित्रांत लावा, आणि मराठीबरोबर कानडीतही. अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं मिरजेत एवढी येतात आणि बोर्ड मात्र नुसता मराठीत.

इन्चार्ज_सिस्टर
आणि मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवा. सफाईचा सुपरवायझर स्वतःचाच वॉर्ड मोजतो तेव्हा टक्का नेहमी चांगला येतो. पहिली फेरी कोणाला न सांगता. पुढच्या फेऱ्यांत जागा बदलत राहा, नाहीतर ठरलेले बारा ठिपके चकचकीत आणि तेराव्या जागी धूळ.

आयसीएन_कराड
कॅथेटरच्या संसर्गाबद्दल शेवटी लिहिते, कारण फक्त सफाईने तो आकडा उतरेल अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होईल. मोजायचा तो १००० कॅथेटर-दिवसांमागे. रोज दुपारी बाराला वॉर्डात किती कॅथेटर आहेत ते मोजा, महिन्याची बेरीज करा. २४० कॅथेटर-दिवसांत २ संसर्ग म्हणजे ८.३. एका वॉर्डाचा एका महिन्याचा आकडा वरखाली उडतो, म्हणून तीन-तीन महिन्यांची बेरीज बघा. याचं मूळ बहुतेक वेळा कॅथेटर गरजेपेक्षा जास्त दिवस राहण्यात, पिशवी फरशीवर टेकण्यात, आणि मोजमापाच्या एकाच भांड्यात पाच पेशंटची लघवी रिकामी करण्यात असतं. पृष्ठभागाशी जोडणारा दुवा ते भांडं आणि आपले हात. प्रत्येक पेशंटला वेगळं भांडं, रिकामं करताना हातमोजे, आणि मोजे काढल्यावर हातांना सॅनिटायझर २० ते ३० सेकंद. पेशंटला हात न लावता नुसता कठडा धरला तरी हात स्वच्छ करायचे, जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हात स्वच्छ करायच्या पाच क्षणांतला पाचवा क्षण तोच आहे आणि तो बऱ्याचदा चुकतो.

हात धुवायच्या बेसिनकडेही बघा. त्यात उरलेलं सलाईन, चहा, लघवी ओतू नका. मोरीच्या पाइपात स्युडोमोनास हा जंतू घर करतो आणि नळाची धार थेट जाळीवर पडली की शिंतोडे मीटरभर उडतात. बेसिनशेजारच्या कट्ट्यावर इंजेक्शन भरणं बंद करा.

कृष्णाकाठ
खूप आभार. सोमवारी तक्ता, मंगळवारी न सांगता पहिले ६६ ठिपके, बुधवारी टॉर्च. एकच राहिलं: गाद्या. रेक्झिनचं कव्हर वरून नीट दिसतं, पण काही गाद्यांना वास येतो.

सफाई_सुपरवायझर
वास येतो म्हणजे आतला फोम भिजलेला आहे. चेन उघडून आतली बाजू बघा, पिवळे-तपकिरी डाग असतील तर गादी बाद. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाद्या भिजल्या आणि उन्हात वाळवून परत घातल्या गेल्या, त्या तर शोधून काढाच.

बाकीच्यांची पाण्याची चाचणी घ्या. कव्हर आणि फोम यांच्यामध्ये टिश्यू पेपर ठेवून चेन लावा. मधोमध, जिथे कंबर येते तिथे, मुठीने खळगा करा, त्यात अर्धा कप पाणी ओता आणि एक मिनिट मुठीने दाबत राहा. पाणी टिपून घ्या, चेन उघडा. टिश्यू ओला असेल तर कव्हर गळतंय. सुईच्या टोकाएवढी भोकंही यात सापडतात. चिकटपट्टी लावून भोक बुजवू नका, कव्हर बदला. ३० गाद्यांना दोन माणसं आणि एक दुपार पुरते; गादीवर नंबर घाला, वहीत तारीख लिहा आणि सहा महिन्यांनी परत करा.